व्हिस्की : प्रकार, आस्वादन व निवड

व्हिस्की : धान्याच्या किण्वित (आंबविलेल्या) रसाचे ऊर्ध्वपातन करून आणि त्यापासून मिळालेला मद्यार्क लाकडी पिंपांत मुरवून तयार केलेले तीव्र मद्य. सातू (बार्ली), मका, राय व गहू ही तिच्यासाठी वापरली जाणारी प्रमुख धान्ये होत. बाटलीत भरताना तिच्यातील एथिल अल्कोहॉलाचे प्रमाण सामान्यतः आकारमानाने ४० ते ४६ टक्के असते. पाणी न मिसळता पिंपातून थेट भरलेल्या व्हिस्कीत ते ६० टक्क्यांपर्यंत असू शकते. ‘जीवनजल’ या अर्थाच्या ‘उश्के बेहा’ या गेलिक शब्दसमूहापासून व्हिस्की हे नाव आले असून तो शब्दसमूह ‘अक्वा व्हिटे’ या लॅटिन संज्ञेचा अनुवाद आहे. रोमन लिपीत आयर्लंड व अमेरिका येथील वर्णलेखन स्कॉटलंड, कॅनडा व जपान येथील वर्णलेखनाहून एका अक्षराने भिन्न आहे. मराठीत मात्र दोहोंसाठी एकच शब्द रूढ आहे.

व्हिस्कीच्या शेकडो नाममुद्रा बाजारात असून त्यांच्या किंमतींत काही पटींचा नव्हे, तर कित्येक हजार पटींचा फरक आढळतो. चवीत मात्र तेवढा फरक असू शकत नाही. धान्य, पीटचा धूर, ऊर्ध्वपातनाची रीत, पिंपाचा प्रकार व मुरण्याचा काळ या थोड्या गोष्टींवर व्हिस्कीचा स्वाद अवलंबून असतो आणि त्यांपैकी बऱ्याच गोष्टी बाटलीवरील चिठ्ठीत नोंदलेल्या असतात. त्यामुळे चिठ्ठीचा अर्थ लावणे हा आस्वादनाचा व निवडीचा पहिला भाग ठरतो.

ऐतिहासिक आढावा : ऊर्ध्वपातनाची विद्या मध्ययुगात ख्रिस्ती मठ व वैद्य यांच्यामार्फत ब्रिटिश बेटांत पोहोचली. स्कॉटलंडच्या राजकोशाच्या १४९४–९५ च्या हिशेबवहीत जॉन कॉर या भिक्षूस ‘अक्वा व्हिटे’ करण्यासाठी आठ बोल (धान्याचे एक जुने माप) माल्ट दिल्याची नोंद असून ती तेथील या मद्याची सर्वांत जुनी ज्ञात लेखी नोंद मानतात. १८२३ च्या अबकारी कायद्याने कर व परवाना यांच्या अटी सुसह्य झाल्या आणि डोंगरदऱ्यांतून चोरून चालणारा हा व्यवसाय हळूहळू उघडपणे होऊ लागला. डब्लिन येथील माजी अबकारी अधिकारी ईनियस कॉफी यांनी १८३० मध्ये सलग चालणाऱ्या स्तंभ-ऊर्ध्वपातकाचे एकस्व मिळविले. त्यामुळे मका, गहू इ. धान्यांपासून सौम्य व स्वस्त मद्यार्क मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. आयर्लंडमधील बहुतेक उत्पादकांनी हे यंत्र नाकारले. स्कॉटलंडमधील व्यापाऱ्यांनी मात्र त्यातील मद्यार्काचा तीव्र चवीच्या माल्ट व्हिस्कीशी मिलाफ करून मिश्र (ब्लेंडेड) व्हिस्की तयार केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्‌ध्वस्त केले व ब्रँडी दुर्मिळ झाली. तिची जागा या मिश्र व्हिस्कीने घेतली.

स्तंभातून काढलेल्या मद्यार्कास व्हिस्की म्हणावे की नाही, हा वाद पुढे न्यायालयात गेला. लंडनमधील इझ्लिंग्टन येथे अशा मद्याच्या विक्रेत्यांवर १९०५ मध्ये खटले भरण्यात आले. या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी १९०८ मध्ये ब्रिटनमध्ये शाही आयोग नेमला गेला. माल्टमधील डायास्टेज या एंझाइमाने शर्करेत रूपांतरित झालेल्या धान्यापासून केलेले मद्य म्हणजे व्हिस्की, मग ते कोणत्याही ऊर्ध्वपातकातून काढलेले असो, असा निर्वाळा त्याने १९०९ मध्ये दिला. १९१५ च्या कायद्याने किमान दोन वर्षे मुरविण्याचे बंधन घातले. ते लवकरच तीन वर्षांचे झाले. आजच्या बहुतेक व्याख्यांचा पाया या काळात घातला गेला.

स्वादाची घटकतत्त्वे : सातू भिजवून त्याला मोड आणतात व तो भट्टीत वाळवितात, या मोडवलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. वाळविताना पीट (दलदलीच्या जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) जाळल्यास धुरातील ग्वायाकॉल, क्रेसॉल इ. फिनॉल-वर्गीय संयुगे धान्यात उतरतात. त्यांचे प्रमाण दशलक्ष भागांत किती, या एककात सांगतात. आयला बेटावरील बोमोर येथील माल्टसाठी ते सुमारे २५, तर आर्डबेग येथील माल्टसाठी सुमारे ५५ आहे. हा आकडा माल्टमधील असतो, बाटलीतील मद्यातील नव्हे. पुढील प्रक्रियांत त्याचा बराच भाग नाहीसा होतो.

माल्टच्या गोड रसाचे किण्वन दोन ते चार दिवस चालते. यीस्टच्या क्रियेने अल्कोहॉलाबरोबर एस्टरेही निर्माण होतात. पिकलेल्या केळ्याचा वास आयसोअमिल ॲसिटेटामुळे, तर सफरचंद व अननस यांच्यासारखा वास एथिल हेक्झॅनोएटामुळे येतो. किण्वन जितके दीर्घ, तितकी फळांची छटा अधिक, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

ऊर्ध्वपातनाच्या दोन रीती आहेत. पॉट स्टिल या तांब्याच्या हंडीवजा पात्रात प्रत्येक घाण्याचे दोनदा (आयर्लंडमध्ये पुष्कळदा तीनदा) ऊर्ध्वपातन करतात. प्रथम येणारा तीव्र व शेवटी येणारा जड भाग बाजूला काढून केवळ मधला भाग घेतात. तो कोठे सुरू करावयाचा व कोठे तोडावयाचा, यात कारागिराचे कसब असते. तांब्याच्या संपर्काने गंधकयुक्त संयुगे कमी होतात. स्तंभ-ऊर्ध्वपातकातून निघणारा मद्यार्क अधिक शुद्ध, म्हणून चवीने अधिक सौम्य असतो. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीसाठी मद्यार्काची तीव्रता ९४·८ टक्क्यांहून कमी असावी लागते. त्यापलीकडे धान्याची ओळख उरत नाही, हे या मर्यादेमागील तत्त्व होय.

पात्रातून निघालेला मद्यार्क पाण्यासारखा रंगहीन असतो. रंग व स्वाद यांचा मोठा भाग ओकच्या पिंपातून येतो. अमेरिकन पांढऱ्या ओकपासून ओल्या खोबऱ्याची आठवण करून देणारी लॅक्टोने व व्हॅनिलीन, तर भाजलेल्या लाकडापासून युजेनॉल (लवंगेतील प्रमुख गंधद्रव्य) मिळते. बर्बन व्हिस्कीचे पिंप सुमारे २०० लिटरचे असते. स्पेनमधील शेरी या द्राक्षमद्याने संस्कारित केलेल्या ५०० लिटरच्या पिंपांतून मनुका, अंजीर व अक्रोड यांच्या छटा येतात. मुरताना पिंपातून मद्याचे सतत बाष्पीभवन होते. या घटीस उत्पादक विनोदाने ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात.

प्रमुख प्रकार : (१) स्कॉच : २००९ च्या नियमांनुसार ही स्कॉटलंडमध्ये ऊर्ध्वपातित केलेली, ७०० लिटरहून मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत तेथेच किमान तीन वर्षे मुरविलेली व किमान ४० टक्के तीव्रतेची असावी लागते. पाणी व साध्या कॅरॅमलचा रंग यांखेरीज तीत काहीही मिसळता येत नाही. तिचे पाच वर्ग आहेत : एकाच भट्टीत केवळ माल्टपासून केलेली सिंगल माल्ट, एकाच भट्टीची सिंगल ग्रेन, अनेक भट्ट्यांच्या माल्टचे मिश्रण, अनेक ग्रेन व्हिस्कींचे मिश्रण आणि माल्ट व ग्रेन यांचे मिश्रण. ‘सिंगल’ म्हणजे एका भट्टीची, एका पिंपाची नव्हे. हायलँड, स्पेसाइड, लोलँड, आयला व कँबेलटाउन हे पाच प्रदेश नियमांत मान्य आहेत. स्पेसाइडच्या पुष्कळ व्हिस्कींत फळे व मध यांची, तर आयलाच्या पुष्कळ व्हिस्कींत धूर, आयोडीन व समुद्रकाठचा खारा वास यांची छटा असते. परंतु प्रदेशावरून चव निश्चित सांगता येत नाही, कारण एकाच प्रदेशात दोन्ही धर्तींच्या व्हिस्की होतात.

(२) आयरिश : हीही तीन वर्षे मुरवितात. मोडवलेला व न मोडवलेला असा दोन्ही प्रकारचा सातू वापरून पॉट स्टिलमध्ये केलेली व्हिस्की ही आयर्लंडची विशेषता होय. ती जिभेवर साईसारखी दाट व किंचित मसालेदार लागते. मिश्र आयरिश व्हिस्की हलकी व सुलभ असते.

(३) अमेरिकन : बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो. ती आतून कोळसा होईपर्यंत जाळलेल्या नव्या ओकच्या पात्रात मुरवावी लागते. पिंपात भरताना तिची तीव्रता ६२·५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. नव्या लाकडामुळे ती लवकर गडद व गोडसर होते. ‘स्ट्रेट’ या शब्दाने किमान दोन वर्षे मुरविल्याचे कळते. १८९७ च्या कायद्यातील ‘बॉटल्ड इन बाँड’ या शब्दांचा अर्थ एका भट्टीची, एका हंगामाची, किमान चार वर्षांची व ५० टक्के तीव्रतेची व्हिस्की, असा आहे. राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय असून ती मिरीसारखी झणझणीत लागते. टेनेसी व्हिस्की मेपलच्या कोळशातून गाळतात. अमेरिकन सिंगल माल्ट या वर्गास जानेवारी २०२५ पासून तेथील नियमांत स्थान मिळाले.

(४) कॅनडियन : ही किमान तीन वर्षे मुरवितात. वेगवेगळ्या धान्यांचे मद्यार्क स्वतंत्रपणे मुरवून मग त्यांचा मिलाफ करण्याची तेथील रीत असून परिणाम बहुधा सौम्य असतो.

(५) जपानी : टोरी शिंजिरो यांनी १९२३ मध्ये यामाझाकी येथे भट्टी उभारण्यास आरंभ केला. स्कॉटलंडमध्ये शिक्षण घेतलेले टाकेत्सुरू मासाटाका यांनी तिच्या उभारणीत भाग घेतला व १९३४ मध्ये योइची येथे स्वतःची भट्टी काढली. दीर्घकाळ तेथील नियम शिथिल होते आणि आयात व्हिस्की मिसळूनही तीस जपानी म्हणता येत असे. उत्पादक संघाने २०२१ मध्ये ठरविलेले मानक १ एप्रिल २०२४ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यानुसार किण्वन, ऊर्ध्वपातन, तीन वर्षांचे परिपक्वन व बाटलीबंदी जपानमध्येच व्हावी लागते.

(६) भारतीय : या नावाखाली दोन अगदी भिन्न पदार्थ येतात. पहिला म्हणजे साखर कारखान्यांतील मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला, चवहीन होईपर्यंत शुद्ध केलेला मद्यार्क आणि त्यात मिसळलेली थोडी माल्ट व्हिस्की किंवा स्वादद्रव्ये. देशातील खपाचा फार मोठा भाग याचा आहे. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्रासारख्या राज्यांत मळी सहज उपलब्ध असल्याने मद्यार्काचा हा उद्योग साखर उद्योगाला जोडूनच वाढला. यूरोपीय संघाच्या नियमांनुसार मळीपासून केलेल्या मद्यास व्हिस्की म्हणता येत नाही. तांत्रिक दृष्ट्या ते रमला अधिक जवळचे होय.

दुसरा पदार्थ म्हणजे भारतीय सिंगल माल्ट. बंगळूर येथील अमृत डिस्टिलरीजने २००४ मध्ये ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट विक्रीस आणली. गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन २०१२ मध्ये, उत्तर प्रदेशातील रामपूर २०१६ मध्ये व हरयाणातील इंद्री २०२१ मध्ये बाजारात आली. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथेही सिंगल माल्ट तयार होते. उष्ण हवेत लाकूड व मद्य यांची देवाणघेवाण वेगाने होते, म्हणून चार-पाच वर्षांची भारतीय माल्ट पुष्कळ जुन्या स्कॉचइतकी गडद असू शकते. मात्र घटही तितकीच मोठी असते.

स्कॉटलंडशी संबंध सुचविणाऱ्या नावांवरूनही भारतात वाद झाले. ‘पीटर स्कॉट’ या भारतीय नाममुद्रेविरुद्ध स्कॉच उत्पादकांच्या संघटनेने केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मुख्यतः विलंबाच्या कारणावरून अमान्य केली.

आस्वादनाची पद्धत : आस्वादन म्हणजे मद्यपान नव्हे, थोड्या मात्रेत लक्षपूर्वक केलेली ती तुलना होय. एका बैठकीत तीन ते पाच नमुने व प्रत्येकी १० ते १५ मिलि. पुरेसे होतात. सौम्याकडून तीव्राकडे व पीटविरहिताकडून पीटयुक्ताकडे जावे, कारण धुराची चव जिभेवर रेंगाळते व नंतरचा नाजूक नमुना झाकून टाकते. पेला खाली फुगीर व तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वाफा एकत्र येतात. उदबत्ती, अत्तर, तळणीचा वास यांपासून खोली मुक्त असावी. मसालेदार जेवणानंतर लगेच परीक्षण करू नये.

(अ) रंग : फिकट पिवळा रंग बहुधा बर्बनच्या जुन्या पिंपाचा व तांबूस रंग शेरीच्या पिंपाचा निदर्शक असतो, पण बहुतेक देशांत कॅरॅमल मिसळण्यास मुभा असल्याने रंगावरून वय किंवा दर्जा ठरविता येत नाही.

(आ) गंध : आस्वादनाचे बहुतांश काम नाकच करते, जीभ केवळ काही मूळ रुची ओळखते. पेला नाकाशी एकदम न नेता थोड्या अंतरावरून, तोंड किंचित उघडे ठेवून हुंगावे. पहिल्या हुंगण्यात अल्कोहॉलाची चुणचुण जाणवते. मिनिटभराने इतर वास उमटतात.

(इ) पाणी : काही थेंब पाणी घातल्याने वास खुलतो, हा जुना अनुभव आहे. पाण्याने विरल केल्यावर ग्वायाकॉलासारखे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतात, असे २०१७ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपावरून दाखविले. मिश्रण करणारे व्यावसायिक परीक्षक तर नमुना सुमारे २० टक्क्यांपर्यंत विरल करूनच हुंगतात. बर्फाने मात्र वास दबतो.

(ई) रुची व शेवट : लहानसा घोट जिभेवर सर्वत्र फिरवून काही सेकंद ठेवावा. गोडी, आंबटपणा, कडवटपणा, दाटपणा व तिखटपणा यांची क्रमाने नोंद घ्यावी. गिळल्यानंतर चव किती काळ टिकते व ती सुखद राहते की कडू होते, हेही पाहावे. व्यावसायिक परीक्षक घोट थुंकून टाकतात.

या अनुभवांना सर्वमान्य नावे मिळावीत, म्हणून स्कॉटलंडमधील पेंटलंड्स संशोधन संस्थेने १९७९ मध्ये स्वादचक्र प्रसिद्ध केले. त्यात पीट, धान्य, फुले, फळे, लाकूड, गंधक इ. गट वर्तुळाकार मांडलेले होते. भारतीय आस्वादकाने परकीय फळे व मिठाया यांची नावे पाठ करण्याचे कारण नाही. ओले खोबरे, लवंग, जायफळ, काकवी, भाजलेले दाणे, पिकलेले केळे, मनुका, चुलीचा धूर, नव्या कातड्याचा वास हे त्याच्या परिचयाचे शब्द तितकेच नेमके आहेत. शब्द स्वतःच्या आठवणीतील असावा व पुढील वेळी त्याच अर्थाने वापरला जावा, एवढीच अट होय.

परीक्षणातील सर्वांत मोठा दोष पूर्वग्रहाचा असतो. बाटली, वय व किंमत दिसत असल्यास जीभ त्यांचे ऐकते. यावर उपाय म्हणजे झाकलेल्या नमुन्यांचे परीक्षण : दुसऱ्या व्यक्तीने पेल्यांवर केवळ क्रमांक घालून नमुने द्यावेत आणि नोंदी पूर्ण झाल्यावरच नावे उघड करावीत. तीन पेल्यांपैकी दोनांत एकच मद्य ठेवून वेगळा पेला ओळखावयास सांगणे, ही अधिक कठोर कसोटी होय. वाइनसंबंधी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक झाकलेल्या परीक्षणांवर आधारित अभ्यासात, किंमत माहीत नसताना सामान्य आस्वादकांना महाग वाइन अधिक आवडली नाही, असे दिसून आले. व्हिस्कीच्या बाबतीतही अशी कसोटी घेणाऱ्यास आश्चर्याचे धक्के बसतात.

शंभरपैकी गुण देण्याची प्रथा सोयीची असली, तरी गुणांवरून दर्जा कळतो, धर्ती कळत नाही. धुराचा तिटकारा असणाऱ्यास ९५ गुणांची आयला व्हिस्कीही रुचणार नाही.

किंमत व दर्जा : व्हिस्कीच्या किंमतीत कच्चा माल, काळ, घट, दुर्मिळता, जाहिरात व कर यांचा समावेश असतो. काळ व घट यांचा संबंध साध्या गणिताने स्पष्ट होतो. स्कॉटलंडमध्ये वार्षिक घट सुमारे २ टक्के धरल्यास २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी सुमारे १५७ व १८ वर्षांनी सुमारे १३९ लिटर उरतात. दक्षिण भारतात ती १० टक्के धरल्यास ५ वर्षांनी ११८ व १२ वर्षांनी जेमतेम ५६ लिटर उरतात. म्हणून भारतीय माल्ट वयाने कमी असूनही स्वस्त नसते आणि तिचे वय स्कॉचच्या वयाशी थेट ताडून पाहणे चुकीचे ठरते. चिठ्ठीवरील वय मिश्रणातील सर्वांत कोवळ्या घटकाचे असते. वय म्हणजे गुण नव्हे. अतिकाळ मुरलेली व्हिस्की लाकडाने कडू व तुरट होऊ शकते.

भारतात करांचा भार मोठा असून तो राज्यागणिक बदलतो. त्यामुळे एकाच बाटलीची किंमत गोवा व महाराष्ट्र येथे बरीच भिन्न असते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरील (ज्यांचा उत्पादनखर्च ठराविक मर्यादेपर्यंत आहे अशा) उत्पादन शुल्क त्या खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. भारत व ब्रिटन यांच्यात जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरील १५० टक्के सीमाशुल्क प्रथम ७५ व दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. अशा फरकांचा पेल्यातील चवीशी काहीही संबंध नसतो.

किंमत व दर्जा यांचे नाते सर्व पातळ्यांवर सारखे नसते. सर्वांत खालच्या पातळीवरून एक पायरी वर जाताना मिळणारा लाभ मोठा असतो, कारण तेथे पदार्थच बदलतो : चवहीन मद्यार्काऐवजी धान्याची, लाकडात मुरलेली व्हिस्की मिळते. मधल्या पातळीवर किंमतीबरोबर निश्चित धर्ती, अधिक तीव्रता व चांगली पिंपे मिळतात. सुमारे १८ वर्षांच्या पुढे मात्र ग्राहक मुख्यतः दुर्मिळतेचे मोल देतो. १९२६ मध्ये ऊर्ध्वपातित मॅकॅलन व्हिस्कीची एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनमधील लिलावात सुमारे २२ लाख पौंडांना गेली. अशा खरेदीचा आस्वादनाशी संबंध उरत नाही.

या पातळीवर फसवणुकीचाही धोका असतो. स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात २०१७ मध्ये एका ग्राहकाने १८७८ ची म्हणून विकलेल्या व्हिस्कीच्या एका पेल्यासाठी ९,९९९ स्विस फ्रँक मोजले. बाटलीची छायाचित्रे पाहून तज्ज्ञांनी शंका घेतली. ऑक्सफर्ड येथील कार्बन-कालमापनातून ती बहुधा १९७०–७२ मधील ठरली आणि रासायनिक तपासणीत ती सिंगल माल्टही नसून मिश्र व्हिस्की असल्याचे आढळले. हॉटेलने पैसे परत केले. स्कॉटलंडमधील प्रयोगशाळेने २०१८ मध्ये तपासलेल्या ५५ दुर्मिळ बाटल्यांपैकी २१ बनावट किंवा सांगितलेल्या वर्षाच्या नसलेल्या निघाल्या. जिभेने न पकडलेला खोटेपणा उघड करण्यास प्रयोगशाळा लागली, हे येथे लक्षणीय आहे.

निवड व शिफारस : शिफारस करताना आधी धर्ती, मग उपयोग व शेवटी किंमत असा क्रम ठेवावा. व्हिस्की नुसती प्यावयाची की सोड्याबरोबर, हे प्रथम विचारावे. भारतात सोडा, पाणी व बर्फ यांच्यासह पिण्याची रीत आहे. तिच्यासाठी मिश्र व्हिस्की अधिक योग्य, कारण महागड्या माल्टमधील नाजूक छटा विरल झाल्यावर व गारठ्यात हरवतात.

अल्प किंमतीच्या पातळीवर चिठ्ठीवरील घटक वाचून धान्याधारित व माल्टचे प्रमाण अधिक असलेली व्हिस्की निवडावी. भारतात बाटलीत भरल्या जाणाऱ्या स्कॉचपैकी टीचर्स हायलँड क्रीम हे धुराची हलकी छटा असलेले उदाहरण होय. जेमसन हलकी व गोडसर, म्हणून नवख्यास सुलभ असते. मध्यम पातळीवर जॉनी वॉकर ब्लॅक लेबल ही १२ वर्षांची मिश्र व्हिस्की फळे, लाकूड व धूर या तिन्ही छटा एकत्र दाखविते; तुलनेसाठी ती मापदंड म्हणून ठेवावी. बर्बनमध्ये गव्हामुळे मऊ झालेली मेकर्स मार्क व रायमुळे तिखट, ५०·५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१ एकापुढे एक ठेवल्यास धान्याचा परिणाम चटकन समजतो.

सिंगल माल्टमध्ये फळे व मध यांची आवड असणाऱ्यास ग्लेनलिव्हेट १२, समुद्र व मिरी यांची छटा हवी असणाऱ्यास टॅलिस्कर १०, तीव्र औषधी धूर पेलणाऱ्यास लॅफ्रॉइग १० सुचविता येतात. शेरीच्या पिंपाची ओळख ग्लेनफार्क्लसवरून, तर आयरिश पॉट स्टिलची रेडब्रेस्ट १२ वरून होते. भारतीय माल्टपैकी पीटविरहित पॉल जॉन ब्रिलियन्स ४६ टक्के तीव्रतेची असून अमृत फ्यूजनमध्ये भारतीय सातू व स्कॉटलंडमधील पीटयुक्त सातू यांचा ५० टक्के तीव्रतेवर मिलाफ आहे. उच्च पातळीवर लागव्हुलिन १६ सारख्या, निश्चित व्यक्तिमत्त्व असलेल्या व्हिस्कीवर खर्च करणे नुसत्या अधिक वयावर खर्च करण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते. अपरिचित महाग बाटली घेण्यापूर्वी तिचा एक पेला चाखणे, हा सर्वांत काटकसरीचा मार्ग होय.

भारतीय बाटल्यांवर वारंवार दिसणारा ४२·८ टक्के हा आकडा जुन्या ब्रिटिश प्रूफ पद्धतीतील ७५ अंशांचा अवशेष आहे. ४६ टक्के किंवा अधिक तीव्रता असल्यास पुष्कळदा शीतगाळण केलेले नसते. अशा व्हिस्कीत पाणी घातल्यावर येणारा धूसरपणा हा दोष नसून एस्टरे व मेदाम्ले शिल्लक असल्याचे चिन्ह आहे.

आरोग्य व कायदा : ४० टक्के तीव्रतेच्या ३० मिलि. व्हिस्कीत सुमारे ९·५ ग्रॅम, तर ६० टक्क्यांच्या तेवढ्याच मापात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहॉल असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मादक पेयांचा समावेश मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. हा धोका महाग व स्वस्त व्हिस्कीत सारखाच असतो. वय, पिंप वा प्रदेश यांमुळे तो कमी होत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार तीव्र मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो व त्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे. गुजरात व बिहार या राज्यांत दारूबंदी आहे. अनधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या बाटलीत मेथिल अल्कोहॉल असण्याचा संभव असतो व त्याने अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो. तेव्हा बाटलीचे मोहोरबंद झाकण व चिठ्ठी तपासणे हे केवळ रसिकाचे नव्हे, तर प्रत्येक ग्राहकाचे काम ठरते.